चार मीटरच्या आतली एसयूव्ही: आमच्याकडे ती कशी आली आणि वर्षभरात काय कळलं

ग्वाल्हेरात गाडी घ्यायची म्हणजे हिवाळ्यातल्या मेळ्याची, म्हणजे आमच्या मोठ्या व्यापारी जत्रेची, वाट बघायची, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. १९०५ साली माधवराव शिंदे महाराजांनी सुरू केलेला हा मेळा, आणि आता तिथल्या ऑटोमोबाइल सेक्टरमधून गाडी घेऊन रजिस्ट्रेशन ग्वाल्हेर आरटीओत केलं की रोड टॅक्समध्ये ५० टक्के सवलत मिळते, त्यामुळे इंदूर-भोपाळचे लोकसुद्धा इथे येऊन एमपी ०७ नंबर लावून जातात. आमच्या बजेटमधल्या गाडीवर तीस-चाळीस हजार सरळ वाचतात, म्हणजे इन्शुरन्सचा खर्च निघतो. पण याच सवलतीमुळे लोक मेळा संपायच्या आत घाईघाईने जी गाडी समोर दिसेल ती बुक करून मोकळे होतात, आणि मग वर्षभर मागच्या सीटवर बसणारी माणसं कुरकुर करतात. आम्ही २०२५ च्या मेळ्यात घेतली, पण शोधाशोध दिवाळीपासूनच सुरू केली होती. आता सारखं कोणी ना कोणी विचारतं की काय बघितलं, काय आवडलं, काय नाही आवडलं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

घरात आम्ही पाच जण. सासूबाईंना आम्ही आईच म्हणतो, त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. बाबा उंच, सहा फुटाच्या जवळ. नवरा, मी आणि लेक. लेक गाणं शिकते, म्हणजे गाडीत माणसांशिवाय एक तानपुराही असतो, हे पुढे कामाला येणार आहे म्हणून आत्ताच सांगते. घर शहरातल्या लष्कर नावाच्या भागात, जुन्या बोळात, माझी नोकरी मुरारला. गाडी जास्त मीच चालवते. जुनी हॅचबॅक पंधरा वर्षांची होत आलेली, रजिस्ट्रेशन रिन्यू करायची वेळ जवळ, आणि पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांवर ती दर स्पीड ब्रेकरला खालून घासायची. आईंना त्यातून उतरताना दोन माणसं लागायची, कारण सीट इतकी खाली की गुडघे पोटाशी यायचे.

कॉम्पॅक्ट एसयूव्ही हे ठरलं ते या उतरण्या-चढण्यावरूनच. सेडान खाली, मोठी एसयूव्ही फार वर, पायरीवर पाय ठेवून चढावं लागतं. ही मधली उंची अशी आहे की म्हाताऱ्या माणसाने दाराशी पाठ करून नुसतं टेकायचं आणि मग पाय आत घ्यायचे. या गाड्यांचा सगळ्यात मोठा गुण कोणता विचाराल तर मी हाच सांगेन, ग्राउंड क्लिअरन्सच्याही (गाडीचा तळ जमिनीपासून किती वर, त्याच्याही) आधी. ब्रोशरमध्ये हा कुठेच लिहिलेला नसतो, त्यामुळे आम्ही आईंना बरोबर घेऊन शोरूम फिरलो, आणि तिथे कळलं की उंची सारखी असली तरी दारं सारखी नसतात. एका गाडीत मागचं दार पुरतं उघडतच नाही, चाकाच्या कमानीवर पाय अडतो. एकीत सीट चांगली पण खालचा उंबरठा रुंद, पाय उचलून आत टाकताना गुडघा वळवावा लागतो, आई तिथेच म्हणाल्या, "ही नको ग, हिच्यात मी रोज रडेन." एकीत वर धरायला हँडलच नाही. जी शेवटी घेतली तिच्यात दार जवळजवळ काटकोनात उघडतं, उंबरठा अरुंद आहे, आणि वरच्या हँडलला धरून त्या एकट्या बसतात. सेल्समन बिचारा टचस्क्रीन दाखवत होता आणि आम्ही चौघे खाली वाकून उंबरठा बघत होतो.

आता या गाड्या अशा का असतात ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. २००६ च्या बजेटमध्ये छोट्या गाड्यांवर एक्साइज कमी केली, अट अशी की लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत, डिझेल १५०० च्या आत. पुढे २०१७ ला जीएसटी आला तेव्हाही हीच हद्द राहिली: हद्दीतल्या पेट्रोल गाडीला २८ अधिक १ टक्का सेस (जीएसटीवरचा जादा कर), डिझेलला अधिक ३, आणि बाहेर गेलात तर सेसच १७ टक्क्यांपासून पुढे. म्हणून नेक्सॉन, ब्रेझा, वेन्यू, सोनेट, कायलॅक सगळ्यांची लांबी बघा, बरोब्बर ३९९५ मिलिमीटर. पाच मिलिमीटर शिल्लक ठेवून सगळे थांबलेत. ब्रेझा तर लांबीत बसते, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं म्हणून ती हद्दीबाहेर, आम्ही बघत होतो तेव्हा तिच्यावर ४५ टक्के टॅक्स होता. मोठं चार सिलिंडरचं शांत इंजिन हवं असेल तर त्याचे पैसे असे जातात, आणि टॅक्स वाचवायचा तर एक लिटर किंवा बाराशेचं, बऱ्याचदा तीन सिलिंडरचं इंजिन घ्यायचं. पंच आणि एक्स्टर त्याहून आखूड, आम्ही बघितल्या तेव्हा ३८२७ आणि ३८१५. म्हणजे जागा आधीच मोजून दिलेली आहे, आता कंपनी ती मागच्या माणसाच्या पायांना देते की डिकीला की बॉनेटला एवढाच प्रश्न. सगळं मिळणार नाही हे एकदा मान्य केलं की मग आपल्या घराला कशाची कमी चालेल ते बघता येतं, आणि मला वाटतं खरी निवड तिथेच होते.

डिकीचे आकडे कागदावर ऐकायला छान वाटतात, पंच ३६६ लिटर, नेक्सॉन ३८२, एक्स्टर ३९१, कायलॅक ४४६, ब्रेझा ३२८. पण लिटरमध्ये तानपुरा मोजता येत नाही. आम्ही तानपुरा केससकट घेऊन गेलो शोरूमला. डिकीत आडवा कुठल्याच गाडीत बसला नाही, ते अपेक्षितच होतं, सीट पाडून लांबीत टाकावा लागतो. इथे भानगड अशी निघाली की खालच्या व्हेरिएंटमध्ये मागची सीट अख्खी एकसंध पडते, म्हणजे तानपुरा आत आला की मागची तिन्ही माणसं बाहेर. साठ-चाळीस दुभागणारी सीट असेल तर चाळीसचा भाग पाडून तानपुरा पुढपर्यंत सरकतो आणि आई-बाबा शेजारी नीट बसतात. "मैडम, साठ-चालीस तो ऊपर वाले मॉडल में ही आएगा," असं उत्तर मिळालं. तेव्हा लक्षात आलं की पोस्टरवर मोठ्या अक्षरात जी "पासून सुरू" किंमत असते ती गाडी आमच्यासाठी नाहीच.

व्हेरिएंटचं गणित हा सगळ्यात किचकट भाग आहे. माझं म्हणणं असं की आधी गाडी ठरवून मग व्हेरिएंट बघू नका, उलटं करा, आपल्याला लागणाऱ्या चार गोष्टी लिहून काढा आणि मग बघा कुठल्या गाडीत त्या चारी कमीत कमी पैशात मिळतात. आमच्या चार म्हणजे मागे एसीचे व्हेंट, मागच्या काचेला वायपर आणि डिफॉगर, साठ-चाळीस सीट, आणि ड्रायव्हर सीटची उंची कमी-जास्त करता येणं, कारण नवरा आणि मी यांच्या उंचीत बराच फरक. ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा ४५-४६ च्या वर जातो, मागच्या सीटपर्यंत पुढच्या व्हेंटमधून हवा पोचायला वेळ लागतो आणि तोपर्यंत म्हातारी माणसं घामाघूम. आणि जानेवारीत पहाटे मुरैना रोडला असं धुकं असतं की पुढची ट्रक हॉर्नवरून कळते, तिथे मागची काच स्वच्छ नसेल तर मागून येणारं काही दिसत नाही. या चार गोष्टी जिथे मिळत होत्या तिथे सनरूफ नव्हतं, आणि सनरूफ जिथे होतं तिथे किंमत लाखभर वर. लेकीला सनरूफ हवं होतं, तिला समजावलं. आपल्याकडचं ऊन बघता छपराला काच मला अजिबात पटत नाही, शिवाय त्याच्या यंत्रणेमुळे वरची जागा थोडी कमी होते आणि बाबांचं डोकं टेकायला लागतं.

सेफ्टीबद्दल घरात वाद झालाच नाही. नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे (गाडी आदळवून तपासणाऱ्या परदेशी संस्थेचे) पाच स्टार मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला तसे पहिल्यांदाच, आणि तिथून आपल्याकडे लोक स्टार विचारायला लागले. आता आपलीच तशी चाचणी, भारत एनकॅप, आहे, त्यात एक्सयूव्ही ३एक्सओ आणि कायलॅकलाही पाच मिळालेत. मी एवढंच सांगेन की स्टार मोठ्यांचे वेगळे आणि मुलांचे वेगळे असतात, दोन्ही बघा, आणि मागच्या मधल्या सीटला तीन पॉइंटचा बेल्ट आणि डोक्याला आधार आहे का ते स्वतः हाताने ओढून बघा. पाच माणसांचं घर असेल तर मधे रोज कोणीतरी बसणारच, आमच्यात ती लेक. ईएसपी (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) असेल तर बहुतेक गाड्यांत हिल होल्डही (चढावर गाडी मागे जाऊ न देणारा) त्याच्याबरोबर येतो, आणि तो का लागतो ते पुढे सांगते.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले सिटी सेंटरच्या सपाट, रुंद रस्त्यावर एक चक्कर मारून आणतात. त्यात कुठलीही गाडी चांगलीच वाटते. आम्ही म्हटलं आम्हाला उरवाई गेटने किल्ल्यावर न्यायचीय, पाचही जण बसून, एसी चालू ठेवून. एका ठिकाणी सरळ नाही म्हणाले, तर तिथे आम्ही परत गेलोच नाही. बाकीच्यांनी कुरकुरत का होईना दिली. उरवाईचा रस्ता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एका बाजूला कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती, रस्ता अरुंद, चढ चांगलाच उभा, वळणं आंधळी, आणि समोरून गाडी आली की अर्ध्या चढावर थांबून परत उचलायची. त्या एका चढाने आम्हाला जेवढं कळलं तेवढं महिनाभर व्हिडिओ बघून कळलं नव्हतं.

साधं १.२ चं पेट्रोल इंजिन, टर्बो नसलेलं, या सेगमेंटमध्ये त्याचा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, ११३ ते ११५ न्यूटन मीटरच्या आसपास असतो आणि तोही वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरायला लागल्यावर. शहरात ते फार गोड चालतं, क्लच हलका, झटका नाही, देखभाल स्वस्त. पण पाच माणसं आणि एसी घेऊन उरवाईला दुसऱ्या गिअरमध्ये ते दमलं, पहिला टाकावा लागला आणि इंजिन ओरडायला लागलं, नवऱ्याने एसी बंद केला तेव्हा कुठे बरं वाटलं. १.० टर्बोचा टॉर्क १४८ पासून १७८ पर्यंत जातो, गाडीगाडीप्रमाणे. तिथे उलटा प्रकार, दोन हजार आरपीएमच्या खाली ते झोपलेलं असतं, थांबून उचलताना एक क्षण काहीच होत नाही आणि मग एकदम ओढ येते. पण एकदा टर्बो जागा झाला की दुसऱ्या गिअरमध्ये पाच माणसं आरामात वर. हिल होल्ड नसता तर तो झोपेचा क्षण मला जड गेला असता, दोन-तीन सेकंद गाडी धरून ठेवतो तेवढ्यात ॲक्सिलरेटर देता येतो. एएमटीही (क्लच नसलेली, गिअर आपोआप टाकणारी स्वस्तातली गाडी) चालवून बघितली, सपाटीवर ठीक, पण त्या चढावर गिअर बदलताना ती मधेच दम घ्यायची आणि मागची माणसं पुढे झुकायची, आईंनी तिथेच नापास केली. डीसीटी (दोन क्लचची महाग ऑटोमॅटिक) बजेटच्या बाहेर. म्हणून मॅन्युअल.

डिझेलचा मोह नवऱ्याला होता, कारण टॉर्क भरपूर आणि हायवेला सरासरी छान. पण आमचं रोजचं जाणं-येणं म्हणजे लष्कर ते मुरार, सात-आठ किलोमीटर तुकड्या-तुकड्यांनी. बीएस ६ (आताच्या प्रदूषण नियमांच्या) डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुराची गाळणी असते, तिच्यात साठलेली काजळी जाळायला गाडी अधूनमधून हायवेला पंधरा-वीस मिनिटं सलग पळवावी लागते, नाहीतर दिवा लागतो आणि सर्व्हिसला पळा. इतक्या कमी रनिंगला जास्तीचे लाख-सव्वा लाख वसूलही झाले नसते. सीएनजी स्वस्त खरी, पण सिलिंडर डिकीत बसला की तानपुरा राहू दे, आईंचा वॉकरही धड बसत नाही. आता टाटा आणि ह्युंदाई दोन छोटे सिलिंडर तळाशी ठेवून डिकी बरीचशी मोकळी ठेवतात, ती युक्ती मला खरंच आवडली, पंच सीएनजीत २१० लिटर उरते, रोज चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणाऱ्यांनी ती जरूर बघावी. आमची तेवढी धाव नाही.

तर शेवटी १.० टर्बो पेट्रोल, मॅन्युअल, मधलं व्हेरिएंट. कुठली ते नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की लगेच ही कंपनी चांगली की ती यावर भांडण सुरू होतं आणि बाकीचं कोणी वाचत नाही. शिवाय मी पुढे जे सांगणार आहे ते या जातीच्या जवळपास सगळ्याच गाड्यांना लागू आहे.

मेळ्यात बुकिंग करताना दोन गोष्टींवर अडून बसलो. इन्शुरन्स डीलरचाच घ्यावा म्हणून बराच दबाव होता, आम्ही बाहेरचं कोटेशन दाखवलं, तीच आयडीव्ही (गाडीची विम्यात धरलेली किंमत), तेच झीरो डेप (घसारा न कापता भरपाई), तर त्यांनी आपणहून रक्कम खाली आणली. दुसरं म्हणजे गाडी कधीची बनलेली आहे. जानेवारीत घेताना डिसेंबरची गाडी हातात ठेवली तर कागदावर ती एक वर्ष जुनी होते, विकताना तेवढीच किंमत पडते. म्हणून डिलिव्हरीच्या आधी यार्डात जाऊन चेसिस नंबर, बनावटीचा महिना आणि टायरवरचे चार आकडे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल, हे सगळं मोबाइलच्या उजेडात बघितलं. टॅक्स सवलतीचा आदेश मेळा सुरू झाल्यावर बऱ्याच दिवसांनी निघाला, तोपर्यंत सगळे बुकिंगवाले अडकून. आदेश निघाला आणि आरटीओत रांगच रांग.

आता वर्षभराचं. उन्हाळा हीच खरी परीक्षा होती आणि त्यात ती पास झाली, मागचे व्हेंट सुरू केले की महाराज बाड्याच्या ट्रॅफिकमध्येसुद्धा आई-बाबा शांत बसतात. मात्र एसीचा लोड एक लिटरच्या इंजिनाला जाणवतो, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना ते सुस्त होतं आणि पेट्रोल पितं. शहरात अकरा-बाराच्या वर सरासरी मला मिळत नाही, हायवेला ऐंशी-नव्वदने गेलं तर सतरा-अठरा. कंपनीचा कागदावरचा आकडा विसरून जा. हलक्या पायाने चालवणारा असेल तर टर्बो आणि साधं यांत फरक कमी पडतो, माझ्या नवऱ्याच्या पायाने जास्त.

नाशिकला नणंदेकडे गेलो तेव्हा शिवपुरी-गुणा करत इंदूर आणि पुढे सेंधव्याचा बिजासन घाट. पाच माणसं, डिकी गच्च, वर उन्हाची वेळ. ट्रकच्या रांगेत तिसऱ्या गिअरमध्ये ओव्हरटेकला जोर मिळाला, तेव्हा उरवाईचा निर्णय बरोबर ठरला असं आम्हा दोघांनाही वाटलं. पण त्याच प्रवासात उणिवाही नीट दिसल्या. नव्वदच्या वर टायरचा आणि वाऱ्याचा आवाज आत येतो, बोलायला आवाज चढवावा लागतो, दारांत पातळ इन्सुलेशन, पैसे तिथे वाचवलेत. मधल्या सीटवर लेक चार तास बसली आणि वैतागली, पाठ कडक, खाली मधे फुगवटा, खांदे दोन्हीकडून दाबलेले. ही गाडी चार माणसांची आहे, पाचवं माणूस शहरापुरतं. उंच असल्यामुळे वळणावर कलते, बाबांना थोडं मळमळलं, तेव्हा घाटात वेग मुद्दाम कमी ठेवला. पंक्चर झालं तर स्टेपनी अरुंद निघाली, तिच्यावर ऐंशीच्या वर जायचं नाही असा लेबलच चिकटवलेला, गुण्यापर्यंत तसेच रखडत गेलो.

सस्पेन्शनचं एक सांगायचं राहिलं. खड्ड्यात घासत नाही हे सुख रोजचं आहे, पण हळू जाताना छोट्या-छोट्या खाचा कडक लागतात, कारण उंच गाडी कलू नये म्हणून स्प्रिंग कडक ठेवतात. टायरची हवा दरवाजावरच्या स्टिकरप्रमाणे ठेवली की बराच फरक पडतो, पंपावरचा माणूस सगळ्यांना सरसकट पस्तीस भरतो, त्याला थांबवायचं. आत डॅशबोर्डचं प्लास्टिक टणक, थंडीत एक बारीक कुरकुर येते, दुसऱ्या सर्व्हिसला त्यांनी क्लिपखाली फेल्टचा तुकडा लावून दिला, तेव्हापासून बंद.

आणि मग २२ सप्टेंबर २०२५ पासून हद्दीतल्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आणि सेस गेला. आमच्यानंतर आठ महिन्यांनी. मेळ्यात जेवढे वाचवले त्याहून जास्त तिथे कमी झाले, नवऱ्याने हिशोब करून दाखवला, मी म्हटलं तो उन्हाळा आईंनी जुन्या गाडीत काढला असता का? हद्दीबाहेरच्यांना आता ४० टक्के आहे, म्हणजे चार मीटर आणि बाराशे सीसीची रेघ अजून तशीच आहे, उलट दोन्हींतलं अंतर आणखी वाढलंय.

धाकटे दीर आता गाडी बघतायत. आमच्या गाडीत बसून खूश झाले आणि हीच घेतो म्हणाले. ते दोघंच, मूल लहान, घर थाटीपूरला, हायवेला वर्षातून एखाद्या वेळी. मी म्हटलं भावजी, तुम्हाला टर्बोची गरज नाही, १.२ साधं घ्या, आखूड गाडी घ्या, पार्किंगला सोपी, वाचलेल्या पैशात वरचं व्हेरिएंट येतंय का बघा आणि चाइल्ड सीटसाठी आयसोफिक्स (सीट थेट गाडीला अडकवायचे हुक) नीट लागतं का ते बाळाची सीट बरोबर नेऊन बघा. रविवारी आम्ही सगळे परत शोरूमला जाणार आहोत, आई पण येतायत, म्हणतात उंबरठा मी बघेन.